कमरेपर्यंत उघडणारं शटर

आमच्या सासरी काहीही अडलं की त्याला तेल पाजायचे. दाराची बिजागरी कुरकुरली, घाल तेल. सायकलचं पेडल जड झालं, घाल तेल. सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणायचं. त्यांचं आयुष्य यंत्रमागांवर गेलेलं. सोलापुरातल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग दिवसभर खडखडायचे आणि आबा लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. जेवायला बसतानाही तो डबा भिंतीशी ठेवलेला असायचा. तेव्हा पुढच्या गॅरेजचं शटर अडायला लागल्यावर त्याचं काय झालं असेल ते सांगायला नकोच.

हे गॅरेज म्हणजे रस्त्याला तोंड असलेली खोली. घरातून तिच्यात जायला दार नव्हतं, जायचं तर शटर उचलूनच. चादरींचे गठ्ठे स्टेशनवर पोचवायला आबांनी एक जुनी मोटार घेतली होती, तिच्यासाठी ती बांधलेली. पुढं पेट्रोल कडाडलं, मोटार विकली आणि खोली रिकामी पडली.

ती खोली मला हवी होती. माहेरून मी शिवणाचा डिप्लोमा आणि स्वतःचं मशीन घेऊन आले होते आणि लग्न झाल्यापासून त्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसले होते. मला शिवणक्लास काढायचा होता. नुसत्या विचारानंही मला झोप लागत नसे, इतका तो मला हवा होता. पण शटर कमरेपर्यंत चढायचं आणि तिथंच हटून बसायचं. पुढं ढकलायला दोन गडी लागायचे.

"मागावरचे गडी रोज शटर उचलायला येणार न्हाईत," आबा म्हणाले. "तुज्या एकटीच्यानं उघडलं तर खुशाल क्लास काढ. न्हाईतर रविवारी सुताचा व्यापारी जागा बघायला येतोय. त्याला गोदामाला दिऊन टाकतो."

मग प्रत्येकाचं निदान सुरू झालं. आमचे हे म्हणाले, "स्प्रिंग गेलीय. मुंबईहून नवी मागवावी लागणार." शटरला एकदाही हात न लावता हे त्यांना कळलं होतं. आबांनी दोन्ही बाजूंच्या खाचांत, म्हणजे ज्यांतून शटर वरखाली सरकतं त्या लोखंडी पन्हळीत, डबा रिता केला. त्या संध्याकाळी शटर वीतभर जास्त चढलं. आबा विजयी मुद्रेनं चहाला बसले. दोन दिवसांनी ते कमरेपर्यंतसुद्धा येईना. आबांनी पुन्हा तेल घातलं.

मला राग आला की माझं तोंड बंद होतं आणि हात चालायला लागतात. शनिवारी दुपारी घर आडवं झाल्यावर मी पदर खोचला आणि शटरपाशी गेले. जोर लावून ते मांडीपर्यंत उचललं आणि सोडून दिलं. ते पडलं नाही. होतं तिथंच लटकत राहिलं. स्प्रिंग गेली असती तर धाडकन खाली आलं असतं की. म्हणजे स्प्रिंग ठीक होती, शटरला दुसरंच काहीतरी धरून ठेवत होतं.

वाकून आत शिरले आणि खाचेत बोट घातलं. बोट काळं झालं आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. ते मी लगेच ओळखलं. शिलाई मशीनच्या पट्टीखाली नेमकं हेच साठतं. कापडाची लव तेलात भिजते, दाबली जाते आणि तिचा जाड थर होऊन बसतो. म्हणून आधी ब्रश आणि मग तेल, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आमच्या घरात तर चार मागांची लव उडायची, ताकातसुद्धा सापडायची. आबांच्या तेलाचा प्रत्येक थेंब त्या लवेला खाचेत चिकटवून ठेवत होता.

पेचकस घालून ओढलं तर वातीसारखी काळी, हातभर लांब पट्टी निघाली. मग दुसरी. राहिलेला चिकटा काढायला रॉकेल लागणार होतं. रेशनचं रॉकेल सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. वाकून बाहेर येते तर त्या घराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी रॉकेलची बाटली आणून पायरीवर ठेवली आणि आत गेल्या. मी दोन्ही खाचा रॉकेलनं धुतल्या, चिंध्यांनी कोरड्या पुसल्या आणि तेलाऐवजी मेणबत्ती घासली. शटर उघडून मात्र पाहिलं नाही. आवाजानं घर जागं झालं असतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

रविवारी व्यापारी आला. आबा तेलाचा डबा घेऊन पुढं आणि शटर उचलायला बोलावलेले दोन गडी त्यांच्या मागं.

"थांबा," मी म्हणाले आणि खाली वाकून एका हातानं शटर उचललं. गडगडत ते थेट वर गेलं आणि गुंडाळून बसलं. उन्हानं सगळी खोली भरली. एवढा आनंद मला डिप्लोमा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

व्यापाऱ्यानं आत पाऊल टाकलं. "शटर तर झकास चालतंय, आबा. जागा पसंत आहे. उद्याच सुताच्या गाठी आणतो."

म्हणजे मी गोदाम दुरुस्त करून दिलं होतं.

आबांनी शटर खाली ओढलं, पुन्हा वर सोडलं. खाचेत बोट फिरवलं, कोरडं बोट बघितलं. मग डबा गड्याच्या हातात दिला.

"हे हिनं चालू केलंय," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "जागंचं तिला इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जागा द्यायची नाही," मी म्हणाले. "उद्यापासून इथं माझा क्लास आहे."

त्या घरात मी 'नाही' म्हटलं आणि सगळ्यांनी ते निमूट ऐकून घेतलं, अशी ती पहिलीच वेळ.