इरल्याची पाटी

“वाच की गं बाई, काय लिवलंय,” हिराबाई म्हणाल्या. त्या घाटाकडच्या गावातून जावेला घेऊन आल्या होत्या. दोघींनाही वाचता येत नव्हतं. समोर काचेच्या कपाटात त्यांनीच आम्हाला दिलेलं इरलं होतं. भातलावणीत पावसापासून पाठ झाकायला बांबू आणि पानांचं विणतात, ते. त्यांच्या नवऱ्यानं विणलेलं शेवटचं.

पाटीवर त्या नवऱ्याचं नाव नव्हतं. ते मीच काढलं होतं.

जुन्नरमधल्या आमच्या छोट्या संग्रहालयाचं सरकारी अनुदान दरवर्षी आटतंय. छत गळतं. खाजगी स्पॉन्सर शोधणं हे माझं काम. स्पॉन्सर खर्च उचलतो, आपण त्याचं नाव लावतो. आळेफाट्याचे एक कांदा व्यापारी छताला तयार झाले. मला अनोळखी माणसांशी बोलणं जड जातं. ते हो म्हणाले तेव्हा इतकं हायसं वाटलं, की मी घाईनं प्रत्येक कपाटावर त्यांच्या वडिलांचं नाव देऊ केलं. पाटीवर दोन नावांची गर्दी व्हायला लागली. डिझाइन स्वच्छ दिसावं म्हणून मी विणणाऱ्याचं गाळलं.

“सकाळधरनं सांगती, मालकांचं नाव काचंवर हाय म्हणून,” जाऊ हसत म्हणाली. “सोता तर घ्यायची न्हाई. तूच घे.”

“विणणारे, धोंडू बाळू,” मी वाचलं. जराही न अडखळता.

हिराबाईंनी पाटीवर बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. व्यापाऱ्याच्या वडिलांच्या नावाला.

त्या गेल्यावर मी संग्रहालयाच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं. “छत जाईल,” सर म्हणाले. “फोन तुम्हीच करा.”

मी केला. “शेठ, इरल्यावर विणणाऱ्याचं नाव हवं होतं. मी काढलं.”



“अवो मॅडम, देवळात आमी पंख्यावर नाव टाकतो. देवावर टाकतो का? आमच्या वडलांचं नाव भिंतीवर टाका. कपाटं मागितली व्हती कुणी?”

कुणीच नव्हती.

छत झालं. पाट्या बदलल्या. हिराबाई पुन्हा आल्या आणि “परत वाच” म्हणाल्या. या वेळी नाव तिथे होतं, आणि मी अडखळले. आधीचं खोटं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नव्या फाइलच्या पहिल्या पानावर मी एक नियम लिहून ठेवलाय: स्पॉन्सरला न मागता काही देऊ नये. ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं.