रिबेकाला मोठं व्हायचं होतं

रिबेका गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी महाळुंगे पडवळच्या तिच्या नर्सरीत टोमॅटोच्या रोपांना पाणी देत होते. पाइप हातातच राहिला... मग उरलेल्या ओळी भिजवूनच निघाले. काम अर्धवट टाकून आलेलं तिला खपलं नसतं.

दफनानंतर एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी देवाचं करायची, काय मिळालं?" त्याला दीड महिना झाला. तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे.

नवरा गेल्यावर रिबेकानं घरामागे हिरव्या जाळीची शेड उभारली. मी शेजारीण; मजुरीला गेले आणि मैत्रीण झाले. वर्षभरात तिनं दुसऱ्या शेडचं काढलं, तेव्हा तिचे थोरले दीर जुन्नरहून समजवायला आले. मऊ बोलणारे, धार्मिक गृहस्थ. "देवानं दिलंय त्यात समाधान मान. ही हाव बरी नाही." रिबेका चहा गाळत म्हणाली, "भाऊजी, हात बी देवानंच दिल्यात. ते मांडीवर ठिवून बसले तर त्याला काय सांगू?" शेड झाली.

पुढे एका हंगामात रोपांचा तुटवडा पडला. एक व्यापारी टेम्पो घेऊनच दारात आला. भाव दुप्पट, पण सगळी रोपं आजच हवीत. ती रोपं तिनं मढ गावच्या शेतकऱ्यांना कबूल केली होती, तीही नुसती तोंडी. मी तिला आत ओढलं. "अगं, तुझ्या देवाला धंदा कळतो का?"

"धंदा मला कळतो, शालन. पण मी शबूद दिलाय."

व्यापारी पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं बजावून गेला. नंतर ट्रे भरताना तिनं एकाच कप्प्यात दोनदा बी टाकलं. मी विचारलं, "भ्या वाटतंय?"

"लई वाटतंय. आदी प्रार्थना करते. तरी भ्या उरलं, तर त्यालाच संगं घिऊन कामाला लागते."

देवानं तिला दामदुप्पट परत केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तो व्यापारी आलाच नाही, त्याच्या ओळखीची गिऱ्हाइकंही तुटली. दोन वर्षं आम्ही फाटकी जाळी सुतळीनं शिवून वापरली. त्या जाळीखाली तिला कुरकुरताना मी पाहिलं नाही.

मग आजार निघाला. दीर पुन्हा आले, डोळे पुसत म्हणाले, "आता वरच्या घराची तयारी कर."

"मी तयारच हाय, भाऊजी. तिसरी शेड तयार नाय."

आणि तिनं खुर्ची बाहेर मांडायला लावली. शाल गुंडाळून, बसल्या जागेवरून बोट दाखवत चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून घेतल्या, खांबांचे खड्डे खणून घेतले.

तिच्या देवाचं मला फारसं कळत नाही. आयुष्य वाढवून दे, असं तिनं त्याच्याकडे मागितलेलं मी ऐकलंय. मिळालं नाही. तरी ती एक दिवसही भिऊन अंथरुणात तोंड लपवून पडली नाही. काय मिळालं, असं विचारणाऱ्या बाई, हे मिळालं. तुम्हाला कमी वाटत असेल तर वाटो.

लोक सांगतात, खड्डे बुजव, गुरं पडतील. तिची लेक पुण्याहून आली आणि नर्सरी माझ्या हवाली करून गेली. परवा खांबांसाठी लोखंडी पाइप आले. मिस्त्री रेघांकडं बघून म्हणाला, "मालकीण गेली, आता येवढी मोठी कशाला? निम्मीच करू."

मी म्हटलं, "तिनं आखली तेवढीच व्हणार. धरा खांब."