दम ऐकू येत होता

शिवलीला गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलींच्या स्पर्धेसाठी मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेत होतो. तिच्या भावाचा फोन होता. "सर, ताई गेली. झोपेतच." मध्यरेषा अर्धीच राहिली... सात रस्ता चौकाजवळ शोकसभा झाली. एक वक्ता म्हणाला, "डॉक्टर मनानं मोठ्या. फक्त ते माउथगार्डचं वेड नडलं. त्यापायी आपल्या पोरी अंतिम सामना हरल्या." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मान डोलावली नाही, पण उठलोही नाही. आता उठतो आहे.

शिवलीला माझ्याच हाताखाली कबड्डी खेळली. शाळेत असताना पकडीत कुणाचं तरी कोपर लागून तिचा पुढचा दात गेला. मी रुमाल दिला आणि म्हणालो, "खेळ आहे, चालायचंच." पुढे ती दातांची डॉक्टर झाली आणि ते 'चालायचंच' तिनं कधी चालू दिलं नाही. दात वाचवणारं माउथगार्ड करून द्यायला खेळणाऱ्या मुलींना बोलवायची, दातांचा ठसा घ्यायची, प्लास्टरच्या साच्यावर तापवलेली जाड पारदर्शक शीट बसवायची आणि हिरडीला टोचू नये म्हणून कडा घासत राहायची. दुकानातलं तयार माउथगार्ड दातांत आवळून धरावं लागतं. तिचं आपलं आपण बसायचं, त्यात बोलता यायचं. कबड्डीत सगळं त्यावरच असतं. चढाईला गेलेल्या मुलीचा 'कबड्डी, कबड्डी' हा दम पंचाला स्पष्ट ऐकू आला नाही, तर चढाई बाद.

त्या अंतिम सामन्याचा पंच मी होतो. आदल्या संध्याकाळी चारचौघांत शिवलीला मला म्हणाली होती, "सर, तुम्ही अजून रुमालच देताय." सगळे हसले. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी आपल्या संघातली कुंभारी गावची सविता शिवलीलानं केलेलं माउथगार्ड घालून चढाईला गेली आणि मी शिट्टी मारली. म्हणालो, दम ऐकू येत नाही.

"सर, दम चालूच हाय की. समद्यांना ऐकू आला."

"तोंडातलं काढ, मग खेळ."

तिनं ते काढून शिवलीलाच्या हातात दिलं. पुढच्याच चढाईत पकड झाली आणि कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला. सविताचे पुढचे दोन दात मातीत पडले. सामनाही गेला. बोभाटा मात्र असा झाला, की डॉक्टरच्या प्लास्टिकनं हरवलं.

दम ऐकू येत होता. मला स्पष्ट ऐकू येत होता.

शिवलीला गप्प बसली नाही. सविताचे दात तिनं बसवून दिले. मग प्रत्येक स्पर्धेत स्वतःचं माउथगार्ड तोंडात घालून पंचांसमोर उभी राहायची, दम घ्यायची आणि विचारायची, "आलं ऐकू?" लोक चिडवायचे, "डॉक्टर, खेळायला आलाय की पेशंट गाठायला?" ती म्हणायची, "दोन्हीला. आ करा बघू." माझ्यासमोरही आली होती. मी तोंड फिरवलं.

शेवटच्या दोन भेटी तिच्या दवाखान्यात झाल्या. दाढ दाखवायला गेलो, तर न विचारता माझ्या दातांचा ठसा घेतला. पुढच्या खेपेला माउथगार्ड तोंडात बसवून म्हणाली, "म्हणा, सर." मी म्हणू लागलो. ती दारात गेली, जिना उतरली, रस्त्यापलीकडे जाऊन हात वर केला. परत आली ती हसत. "ऐकू येतंय की, सर." मी ते काढून बोलायला लागलो... त्या सामन्यात... तिनं मला थांबवलं. "मला माहितीय. मला कशाला सांगताय? मैदानावर सांगा." मी 'बघू' म्हणालो.

ते माउथगार्ड साबणाच्या डबीत माझ्या खिडकीत आहे. आजही मुली स्वतःची माउथगार्ड पिशवीतच ठेवतात, कारण पंच त्यांना माझ्या शिट्टीचा दाखला देतात. तो दाखला खोटा आहे. यापुढे जिथे सामना असेल तिथे, सुरू होण्याआधी, मी हे तोंडात घालून मध्यरेषेवर उभा राहीन. माझा दम आता चार 'कबड्डी'च्या पुढे पुरत नाही. पण ज्या पंचाला तेवढेही ऐकू येणार नाहीत, त्यानं माझ्या तोंडावर शिट्टी मारून दाखवावी.