डावखुऱ्या कॅचरची खूण

मी नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवले. पुराव्यावाचून काहीही मान्य करू नये, हे मुलांना सांगता सांगता माझ्याही अंगात भिनले. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तेव्हा पुढचे लिहिणारी बाई भाबडी नाही, एवढे कृपया लक्षात असू द्या...

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे अमेरिकेत अल्फारेटाला लेकीकडे असताना ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळे होते. पण स्पीच थेरपिस्ट आली की हे भिंतीकडे तोंड फिरवत. वेडावाकडा आवाज निघेल याची लाज वाटत असावी. "त्यांनी प्रयत्नच केला नाही, तर बोलणं परत येणं कठीण आहे," असे ती म्हणाली, आणि मी हादरले.

वसंतात रोज दुपारी मी ह्यांची व्हीलचेअर पार्कमधल्या बेसबॉलच्या मैदानापाशी नेत असे. तिथे वॉल्टर भेटत. गावाच्या जुन्या टीमचे ते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. टीम कधीच बंद पडली. तिच्यातला एकही खेळाडू मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही. त्या सोबत्यांच्या आठवणी सांगायला वॉल्टरना आम्ही आयतेच सापडलो होतो. "टीचर, आज कोणता धडा घेऊ?" म्हणत ते सुरुवात करत.

एके दुपारी ते बोलता बोलता थांबले. ह्यांची डावी बोटे मांडीवर हलत होती — दोन बोटे, मग मूठ, मग गुडघ्यावर अंगठा. पुन्हा तेच.

"हे ह्यांना कोणी शिकवलं?"

"लेक म्हणते, नसांमुळे होतं तसं."

"नाही टीचर. ही एडीची खूण आहे."

इथे थोडे स्पष्ट करते. कॅचर म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. कोणता चेंडू टाकायचा, हे तो पिचरला बोटांनी सुचवतो. एडी हा वॉल्टरचा कॅचर, आणि डावखुरा. डावखुऱ्या कॅचरला सहसा वरच्या लीगमध्ये घेत नाहीत, म्हणून गुणी असूनही तो गावातच राहिला. काही वर्षांपूर्वी वारला. ही खूण त्या दोघांनी आपसात ठरवलेली होती. तिसऱ्या कोणाला ती ठाऊक नव्हती.

"अर्थ काय तिचा?" मी विचारले.

"कसाही टाक. मी अडवतो."

वॉल्टर ह्यांच्यासमोर बाकावर बसले, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "आता तुमची पाळी. कसाही टाका. मी अडवतो."

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मग ओठ हलले... "पा... णी."

मी बाटली उघडून ह्यांच्या ओठांना लावली.

"टीचर, मला काही कळलं नाही," वॉल्टर डोळे पुसत म्हणाले, "पण झेलला मी."

त्यानंतर ह्यांनी थेरपिस्टला पाठ दाखवली नाही. आता छोटी वाक्ये बोलतात, माझ्या स्वयंपाकाला नावेही ठेवतात. त्या खुणांबद्दल विचारले, तर म्हणाले, "कुठल्या खुणा?"

मी सर्व शक्यता तपासल्या. बेसबॉल ह्यांनी टीव्हीवरही पाहिलेला नव्हता. उजवा हात लुळा, म्हणून डावा हलला, हे पटते. एकाकी वॉल्टरना मित्राचा भास झाला, हेही शक्य आहे. पण त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा? — इथे माझे उत्तर संपते.

एडीला मी कधी पाहिले नाही. तो ह्यांना कुठे भेटला, भेटला की नाही, मला सांगता येणार नाही. भेटला असल्यास त्याचे आभार कसे मानावेत, तेवढे मात्र कोणी सुचवावे.