शेजारची सीट

सकाळच्या सिटी बसमधली सर्वांत ऐसपैस जागा माझ्या मालकीची आहे. खोटं नाही सांगत, माझ्या शेजारच्या सीटवर दोन म्हशी बांधून वर वैरण रचता येईल! कपाळावरचं माझं आदिवासी गोंदण दिसलं, की भरगच्च बसमध्येही ती सीट तेवढी रिकामी राहते.

आज एक काकू गुडघे चोळत चढल्या. मी खिडकीकडे सरकले.

"काकू, बसा ना."

त्यांनी माझं कपाळ पाहिलं आणि पदर आवरून घेतला. "नको गं, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय."

पुढचा स्टॉप बहुधा काशीला असावा. एकामागून एक स्टॉप गेले, तरी काकू दांडा धरून कण्हत उभ्याच.

आमच्या पाड्यावर तारपा वाजला, की शेजारणीच्या कमरेत हात घालूनच नाचतात. कुणी एकटी दिसली तर आधी तिला फेरात ओढायचं, नाव मागाहून विचारायचं. मी नाचले की डोंगरसुद्धा ठेका धरायचे, बरं का!

वळणावर बस झुलली, आणि सवयीनं माझा हात शेजारी गेला. सीट गार होती.