जीभ बघितल्याशिवाय सुंठ नाही

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये एक खिडकी होती. दोन हात रुंद, खाली लाकडी फळी, आणि वाट्या सरकवून सरकवून फळीची कडा गुळगुळीत झालेली. रोज सकाळी आठ वाजता या खिडकीपाशी रांग लागायची. रांगेतला माणूस निवृत्त न्यायाधीश असो की कालपर्यंत बस चालवणारा, फळीपाशी पोचला की तो मुकाट्याने तोंड उघडायचा आणि जीभ बाहेर काढायचा. नव्याने आलेल्याला वाटायचं, ही काय थट्टा चालली आहे! चौथ्या दिवशी तोही जीभ काढून उभा असायचा.

खिडकीच्या आत मावशी उभ्या असायच्या. चष्मा नाकाच्या टोकावर, डाव्या हातात पेजेची वाटी, उजवा हात सुंठीच्या बरणीपाशी. जिभेवर पांढरट थर बसलेला दिसला की वाटीत दोन चिमटी सुंठ पडायची. जीभ गुलाबी, ओलसर दिसली तर एक. आणि लालबुंद, कडा सोलवटल्यासारखी दिसली तर बरणीचं झाकण बंद. त्या वाटीत सुंठीऐवजी चमचाभर तूप. मग प्रत्येकाला तेच एक वाक्य, बस कंडक्टरने थांबा पुकारावा तशा आवाजात, "उद्या पुन्हा दाखवायची."

हे घर होतं आजारातून उठलेल्या माणसांचं. इस्पितळाने घरी सोडलेलं, पण घरी जाऊन जिना चढायचं बळ नसलेलं माणूस इथे तीन-चार आठवडे राहायचं, साधं खायचं, बागेत चालायचं. थोरल्या वैद्यांनी ते काढलं होतं आणि पहिल्या दिवसापासून चूल मावशींच्या हाती होती. एकतीस वर्षं. सुंठ त्या बाजारातून दळलेली कधी आणू देत नसत. गड्डा हातात घ्यायचा, मोडायचा. कट्टदिशी मोडला आणि आत पिवळसर निघाला तर ठेवायचा. चुन्यात घोळून पांढराशुभ्र केलेला गड्डा दुकानदाराने पुढे केला तर त्या म्हणायच्या, "हा भिंतीला लावा." निवडलेले गड्डे तुपावर मंद भाजायचे, खलबत्त्यात कुटायचे, कापडातून गाळायचे. एवढी मेहनत करणारी बाई ती सुंठ जो तो मागेल त्याला वाटत सुटेल असं कुणालाही वाटलं असतं. मावशी उलट. सोनाराने सोनं द्यावं तशा त्या सुंठ द्यायच्या.

याला कारण होतं आणि ते कारण म्हणजे मावशींचा नवरा. नवीन लग्न झालं तेव्हा मावशींना सुंठीचं एकच ठाऊक होतं, की ती चांगली. आईने सांगितलेलं, शेजारणीने सांगितलेलं. नवऱ्याच्या पोटात दुखायचं, जेवण जात नव्हतं. मावशींनी सकाळ-दुपार-संध्याकाळ सुंठ उकळून पाजली. तो बिचारा नव्या बायकोचं मन मोडू नये म्हणून प्यायचा. तोंड आलं तरी प्यायचा. अकराव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला जीभ काढायला सांगितली आणि मावशींनी ती पहिल्यांदा पाहिली. कुंकवासारखी लाल. अकरा दिवस समोर बसून त्याला पाजलं, पण एकदाही तोंड उघड म्हटलं नाही. नवरा वाचला. पण पुढे बावीस वर्षं, तो जाईपर्यंत, मावशींनी पेला पुढे केला की तो आधी आत वाकून बघायचा, मग प्यायचा. बोलला कधीच नाही. ते वाकून बघणं मावशींच्या काळजात घर करून बसलं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटायचं.

थोरले वैद्य गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. सगळे त्याला धाकटेसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक ठरवून मोकळे व्हाल. त्याला फक्त घाई होती. त्याने भिंती रंगवल्या, बागेत बाक टाकले आणि एक दिवस दारावर भली मोठी पाटी चढवली. पाटीवर मावशींचा हसरा फोटो आणि खाली मजकूर: 'सुंठमावशींचा उबदार प्याला. रोज. सर्वांना.'

मावशी पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हा फोटो कधी काढलात?"

"तुमच्या नातीच्या बारशाला, मावशी. छान आलाय ना?"

"फोटो छानच आहे. ते 'सर्वांना' पुसा."

साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारी लाजते आहे.

स्वतः साहेब त्या दिवसापासून दिवसातून तीनदा सुंठीचा काढा घेऊ लागले. लोकांना सांगायचं तर आपण आधी करायला हवं, हा त्यांचा बाणा. प्रत्येक प्याल्याबरोबर फोटो निघायचा. महिनाभरात त्यांचं बोलणं जरा चमत्कारिक झालं, शब्द तोंडात जपून फिरवल्यासारखे. मावशींच्या ते लक्षात आलं होतं. पण मालकाला बोलावून जीभ काढायला कोण सांगणार?

मग पाहुणे यायचं ठरलं. एका मोठ्या कंपनीची माणसं. त्यांना हे घर आवडलं तर अशी आणखी दहा घरं निघणार होती. आदल्या दिवशी दुपारी साहेब स्वयंपाकघरात आले.

"मावशी, उद्या ते जिभेचं प्रकरण नको. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. सुंठ पातेल्यातच घालायची, सगळ्यांना सारखी वाटी."

"त्या बसवाल्या ड्रायव्हरकाकांच्या पोटात जखम आहे. गेल्या महिन्यात रक्त चढवलंय त्यांना. सारखी वाटी कशी देऊ?"

"अहो, एका दिवसाने काय होतंय?"

"अकराव्या दिवशी काय होतं ते मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी काय होतं ते मला बघायचं नाही."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "उद्या त्या खिडकीत एक जरी जीभ दिसली, तर परवापासून खिडकीत तुम्ही दिसणार नाही. बाबांच्या वेळचं बाबांबरोबर गेलं."

ते निघून गेले आणि मावशी खलबत्त्यापाशी बसल्या. त्यांना भीती वाटली, खोटं कशाला सांगा. एकसष्ट वर्षांच्या बाईला दुसरी चूल कोण देणार? घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसायचं तेवढं उरलं असतं. त्यांनी बत्ता उचलला आणि असा हाणला की भांडी घासणारी दचकून वळली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तीन पुरुष, एक बाई, सगळ्यांच्या हातात वह्या. रांग नेहमीसारखी लागली. मावशींनी पेज नेहमीसारखी शिजवली होती, सुंठीशिवाय, आणि बरणी शेजारी ठेवली होती. रांगेत पहिले ड्रायव्हरकाका. त्यांना कालची धमकी कळली होती. अशा घरात काय लपतं? त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. मावशींची भाकरी आपल्या जिभेपायी जाऊ नये म्हणून.

मावशींचा नवराही असाच होता, तोंड मिटून सोसणारा.

"काका, जीभ," त्या म्हणाल्या.

"राहू दे मावशी आज. द्या तशीच."

"जीभ दाखवा म्हटलं ना!"

साहेब तरातरा आत आले. त्यांनी बरणी उचलली आणि अख्खी पातेल्यात उपडी केली. मावशींची आठवड्याची कुटलेली सुंठ पेजेवर पसरली. साहेबांनी पळी घेऊन पेज ढवळली आणि पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना सारखं!"

मावशींनी शांतपणे झाकण घेतलं, पातेल्यावर ठेवलं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"आज हे कुणालाच मिळणार नाही."

"मावशी, हात काढा."

"एकतीस वर्षं या खिडकीतून विष गेलं नाही. आज माझ्या डोळ्यांदेखत जाणार नाही. उद्या काय करायचं ते करा, आजची चूल माझी आहे."

"विष? मी स्वतः पितो रोज!" साहेबांनी झाकण ओढलं, वाटी भरली आणि तोंडाला लावायला गेले. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"धाकटे, आधी जीभ."

"मी मालक आहे इथला!"

"म्हणून तुमचं पोट पत्र्याचं आहे का?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने घात केला. साहेबांनी हात सोडवला आणि अख्खी वाटी एका दमात घशाखाली घातली. क्षणभर काहीच झालं नाही. मग चेहरा लाल झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि पाहुण्यांपुढे करायचं पाठ केलेलं भाषण तोंडातल्या फोडांमध्ये अडकून बसलं. ते पदराआड लपणाऱ्या पोरासारखे मागच्या दाराने निघून गेले.

मावशींनी पातेलं खाली उतरवलं. नवे तांदूळ धुतले, चुलीवर ठेवले. "अर्धा तास लागेल," त्यांनी खिडकीतून सांगितलं. "घाई असेल त्यांनी बिस्किटं खावीत."

एकही माणूस रांगेतून हलला नाही. ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि रांगेतच बसले. पेज शिजली तेव्हा ड्रायव्हरकाकांनी जीभ काढली ती हनुवटीपर्यंत. त्यांच्यामागे न्यायाधीश. त्यांच्यामागे सगळे. बरणीत सुंठ नव्हती, म्हणून मावशींनी घरून आणलेली स्वतःची पुडी सोडली. शेवटी पाहुण्यांतली बाई वही बगलेत मारून फळीपाशी आली आणि तिने जरा संकोचून तोंड उघडलं. मावशींनी तिला दीड चिमूट दिली.

पाहुणे काहीही न सांगता गेले. दहा घरं निघणार की नाही, कुणाला कळलं नाही.

धमकीतला परवा उजाडला. मावशींना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, म्हणून त्या आल्या. म्हटलं असतं तरी आल्या असत्या. दारावरची पाटी जागच्या जागी होती आणि फोटोतल्या मावशी हसत होत्या. खऱ्या मावशी तिच्याकडे न बघता आत गेल्या आणि चूल पेटवली.

आठ वाजता रांग लागली. वाट्या जात राहिल्या. रांग संपली असं वाटून मावशी बरणीचं झाकण लावायला लागल्या, तर फळीपाशी आणखी एक जण उभा. धाकटेसाहेब. दाढी न केलेली, हातात रिकामी वाटी. मागे जेवणघरातले सगळे चमचे थांबले होते.

साहेबांनी एकदा मागे वळून बघितलं, मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मावशींनी चष्मा वर सरकवला. हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ त्या जीभ बघत राहिल्या. मग पेज घातली, वर दोन चमचे तूप सोडलं आणि वाटी फळीवरून पुढे सरकवली. साहेबांनी वाटी उचलली आणि मावशींच्या नवऱ्यासारखं आत वाकून बघितलं.

"सुंठ नाही त्यात," मावशी म्हणाल्या. त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "तेवढं 'सर्वांना' पुसून घ्या पाटीवरचं. आणि उद्या पुन्हा दाखवायची."