रांगेच्या टोकाची जागा

आमच्या गावात कोणी गेलं की घराच्या दारावर, बसथांब्यावर आणि चर्चच्या फाटकावर कागद लावतात. वर फोटो, भोवती काळी चौकट. ते सगळे फोटो देच्को रांगेलोव्हने काढलेले. बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचेही त्याचेच. त्यामुळे त्याच्या दुकानात माणूस हसत शिरायचा, पण जरा जपूनच.

वसंतात संत गेओर्गीच्या सणाला, कोकरू भाजायला लावलं की सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर फोटोसाठी रांगेत उभं राहायचं. देच्कोची बायको झ्लातिना फोटोत कधीच नसायची. ती कॅमेऱ्याशेजारी पिशवी धरून ओरडायची, "पोट आत घे रे मेथोदी! वर्षभर बघायचाय हा फोटो!" मेथोदी म्हणजे मी.

एका वर्षी देच्कोने लहान सेन्सरचा जुना कॅमेरा देऊन फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आणला. लेन्स मात्र जुनीच ठेवली. ती कट्कन बसली, म्हणून त्याला वाटलं, चालेल. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसलं नाही. घरी पाहिलं तर चारही कोपरे काळे. एका टोकाला लेल्या पेन्का, गावाची मावशी. दुसऱ्या टोकाला गिरणीवाला आस्पारुह. दोघांचे चेहरे अर्धे काळ्यात बुडालेले.

हिवाळा संपायच्या आत दोघंही गेली.

कुजबुज वाढली तेव्हा देच्कोने कॅफेत ट्रेवर बशी ठेवून दाखवलं. "जुन्या लेन्सचं चित्र या बशीएवढं गोल. लहान सेन्सर त्यात मावायचा. नवा सेन्सर ट्रेएवढा, त्याच्या कोपऱ्यांपर्यंत उजेड पोचतच नाही. मोठ्याची लेन्स लहान कॅमेऱ्यावर चालते, नुसत्या कडा वाया जातात. उलटं केलं की हे असं. यात मरणाचं काय? आणि नव्वदीच्या आस्पारुहला मरायला लेन्स लागते होय?"

"तो तर शंभरी गाठणार म्हणत होता," कॅफेवाली गेना म्हणाली. "समजलं हो देच्कोदादा, सगळं समजलं. पण पुढच्या खेपेला मी मधेच उभी राहणार."

पुढच्या सणाला त्याने शहरातून योग्य लेन्स आणली होती. तरी लोक मेंढरांसारखे मध्ये दाटले. टोकं रिकामी. झ्लातिनाने पिशवी खाली ठेवली. त्या हिवाळ्यात तिला हृदयाचा त्रास सुरू झाला होता, एक चढण चढली तरी बसावं लागायचं.

"भित्रे कुठले!" म्हणत ती दाटीत कडेला ढकलल्या गेलेल्या गेनाच्या पलीकडे, अगदी टोकाला गेली आणि गेनाच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ रे देच्को. लेन्स बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग बघतोस काय?"

तो खूप वेळ बघत राहिला. कॅमेऱ्यावर काहीतरी फिरवलं आणि मग बटण दाबलं.

फोटो स्वच्छ आला. कोपरे उजळ. पण झ्लातिना त्यात नव्हती. गेनाच्या खांद्यावर तिची बोटं तेवढी उरली होती. त्याने कॅमेरा लहान सेन्सरच्या चौकटीवर टाकला होता. तेव्हा तो फक्त मधलं घेतो, कडा घेतच नाही.

"मी कुठाय?" तिने दुकानात माझ्यासमोरच विचारलं.

"काळ्यात सापडू नयेस म्हणून..."

"लेन्स बरोबर होती म्हणालास."

"होती."

"म्हणजे अख्ख्या गावाला शहाणपण शिकवलंस, आणि घाबरलास तू."

तिने तो फोटो स्वतःच्या हाताने दुकानाच्या काचेत लावला.

शरदात ती गेली. दारावरच्या कागदासाठी फोटो सापडेना. अख्ख्या गावाचे होते, तिचा नव्हता. शेवटी ओळखपत्रावरचा लावला, डोळे वटारलेला. देच्को माझ्याकडे येऊन बसला. "मेथोदी, मी ती कड शोधली रे. पण कॅमेऱ्याने ठेवलेलीच नाही."

त्यानंतरच्या सणाला तो ट्रायपॉड घेऊन आला. गेनाने लेन्सकडे बोट दाखवलं. "ही ती जुनी लेन्स नव्हे ना?"

"तीच."

सगळे मध्ये सरकले. देच्कोने आपोआप फोटो काढणारं कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं आणि टोकाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सरक जरा आत," तो म्हणाला, "पलीकडे जागा हवी."

मी सरकलो.

देच्को अजून आहे, रोज दुकान उघडतो. त्या फोटोत त्याचा चेहरा अर्धा काळ्यात आहे आणि बाहेरचा हात जवळजवळ पूर्ण, निरखलं तरच दिसतो. तो हात खाली लोंबत नाही, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा जरा वर आहे. झ्लातिना बुटकी होती. मी पुष्कळदा पाहिलंय, उंची बरोबर आहे.